स्पेनला पाठवा, पण आधी बैलहोंगलला

मुलीच्या शाळेतून सर्क्युलर आलंय. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी स्पेनची लँग्वेज आणि कल्चर इमर्शन ट्रिप, येत्या दसऱ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस, खर्च तीन लाखांच्या वर, नाव नोंदवायचं तर पहिला हप्ता महिनाअखेर भरायचा. त्या संध्याकाळपासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही. एक गट म्हणतोय बेळगावच्या पोरांना स्पॅनिश कशाला, तेवढ्या पैशात कोचिंगची फी भागते, आणि दुसरा म्हणतोय एक्स्पोजर मिळतंय तर मिळू दे, आपल्याला जायला मिळालं नाही म्हणून पोरांनी पण जायचं नाही का. मी दोन्हीकडचं वाचतेय आणि मला वाटतंय मुद्द्याचा प्रश्न कुणी विचारतच नाहीय. मूल तिथं पंधरा दिवस जेवणार कुठल्या भाषेत? म्हणजे सकाळी उठल्यावर दूध मागताना, पोट दुखतंय हे सांगताना, उशिरा आलं म्हणून बोलणी खाताना त्याच्या कानावर कुठली भाषा पडणार? स्पॅनिश असेल तर ती इमर्शन ट्रिप. नसेल तर ती सहल आहे, सहलीला माझी अजिबात ना नाही, पण मग तिला सहल म्हणा आणि पैसे पण सहलीचेच घ्या.

हे मी हवेत बोलत नाही. माझी भाची दोन वर्षांपूर्वी अशाच एका ट्रिपला जाऊन आलीय. तीसेक मुलं, तीन शिक्षक, पहिले आठ दिवस माद्रिद, तोलेदो, बार्सिलोना, सगळीकडे हॉटेल. आपापसात मराठी आणि हिंदी, गाईडशी इंग्रजी, स्पॅनिश फक्त 'ओला' आणि 'ग्रासियास' एवढी, ती पण लिफ्टमध्ये. एका दिवशी फ्लामेंको नाच बघितला, एका दिवशी पाएया करायचं वर्कशॉप झालं. आता पाएया हा व्हॅलेन्सियाकडचा भाताचा प्रकार आणि फ्लामेंको दक्षिणेच्या आंदालुसियातला, पण मुलांना दोन्ही 'स्पॅनिश कल्चर' म्हणून एकाच पुडीत बांधून दिलं. कुणी परदेशी पोरांना एका दिवशी लावणी आणि दुसऱ्या दिवशी छोले खायला घालून हीच भारताची संस्कृती म्हणून सांगितलं तर आपल्याला चालेल का.

शेवटचे चार दिवस मात्र सालामांकाला होते, आणि तिथं मुलांना घरांमध्ये ठेवलं. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, जगभरातून लोक तिथं स्पॅनिश शिकायला येतात आणि विद्यार्थी घरी ठेवून घ्यायची तिथल्या लोकांना सवय आहे. भाची एका साठीच्या बाईंकडे होती, बाईंना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या रात्री जेवण साडेनऊला, तोवर ही भुकेनं कावलेली आणि भूक लागलीय हे सांगायला शब्द नाहीत, रात्री आईला फोन लावून रडली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात सुरी आणि बटाटे दिले. 'पातातास,' बाई म्हणाल्या. ही म्हणाली, 'बटाटा.' बाईंनी परत म्हटलं, हिनं परत म्हटलं, आणि दोघी हसायला लागल्या. (बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. पगार पण तिकडचाच, स्पॅनिशमध्ये आजही 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे.) तर बटाट्याचे पातळ काप भरपूर तेलात मऊ करायचे, फेटलेल्या अंड्यात घालायचे, परत तव्यात ओतायचे, एक बाजू धरली की वर ताटली उपडी ठेवून एका झटक्यात उलटं करायचं. बाई शेजारी उभ्या राहून हातानं दाखवत होत्या, 'दाले ला वुएल्ता, दाले ला वुएल्ता', उलट, उलट. पहिल्या वेळी अर्धं ओट्यावर सांडलं. बाईंनी ते गोळा करून परत तव्यात ढकललं आणि ताटली परत हिच्याच हातात दिली.

आठ दिवसांच्या हॉटेलचे भाचीनं आम्हाला फोटो दाखवले. त्या ओट्याबद्दल मात्र ती तासभर बोलली, मध्ये मध्ये स्पॅनिश शब्द टाकत, आणि ते शब्द तिला आज दोन वर्षांनी पण येतात. चार संध्याकाळी. आठ दिवसांचं हॉटेल एका पारड्यात आणि तो ओटा दुसऱ्यात टाकून बघा.

आता माझी गोष्ट. मी सातवीत असताना मे महिन्यात वडिलांनी मला बैलहोंगलला त्यांच्या मित्राकडे ठेवलं होतं. दोघं एकाच बस डेपोत कामाला, ह्यांची मराठी आणि त्यांची कानडी, पण डबा रोज एकत्र उघडायचा. बैलहोंगल बेळगावपासून तासा-सव्वा तासावर, पण त्या घरात मराठी शून्य. मला शाळेत तोवर काही वर्षं कानडी होती, कविता पाठ होत्या, धड्याखालचे प्रश्न घडाघडा यायचे, आणि कंडक्टरनं सुटे मागितले तर माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. घरातल्या आजीला सगळे अव्वा म्हणायचे. अव्वानं दुसऱ्याच दिवशी मला चुलीपुढं बसवलं. आपण भाकरी थापतो, ते रोट्टी 'बडितात', म्हणजे शब्दशः बडवतात, आणि जोंधळ्याची ती रोट्टी खरोखरच बडवावी लागते, हात हलका पडला की कडेला चिरते. मी आपली आईसारखी हळूहळू थापत होते आणि अव्वा मागून 'बडी, बडी' म्हणत होती, आणि मला वाटलं ही मला मारायला सांगतेय की काय कुणाला. तो 'बडी' मी आयुष्यात विसरणार नाही. शेंगा हिंडी म्हणजे शेंगदाण्याची चटणी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, 'ऊट आतेन्री' हा दिवसातून दहा वेळा येणारा प्रश्न, जेवलात का. महिना संपला तेव्हा दारात उभी राहून मी 'होगि बर्तेनि' म्हणाले, जाऊन येते, आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की हे मी मनात मराठीतून न जुळवता बोलले. आपल्यासारखंच ते पण नुसतं 'जाते' म्हणत नाहीत हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

म्हणून मला माझ्या मुलीबद्दल चिंता आहे. तिला कानडीत ऐंशीच्या वर मार्क असतात, आणि औषधाच्या दुकानात ती हिंदीत बोलते. दुकानदार कानडी, ही मराठी, दोघं बेळगावातच जन्मलेले, आणि मध्ये हिंदी. हिच्या वर्गातल्या मुलांपैकी बहुतेकांचं हेच. शेजारची भाषा कानावर पडली की कान बंद करायचे ही सवय आपल्या मुलांना अगदी लहानपणापासून लागलीय, घरातून लागलीय, गल्लीतून लागलीय, आणि ते बंद कान विमानात बसल्यावर आपोआप उघडतील असं आपण धरून चाललोय. उघडत नाहीत. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या भाषेत थोडं अडाणी होऊन राहायचं, चुकायचं, कुणी हसलं तर हसू द्यायचं, ही हिंमत आधी कमवावी लागते, आणि ती कमवायची जागा बेळगावपासून तासाभरावर आहे.

मला माहीत आहे हे वाचून काही जणांच्या कपाळावर आठी पडणार. आमच्या घरातही पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आम्ही काळा दिवस पाळतोय, २००४ पासून सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून अजून अर्ज-विनंत्या चालू आहेत, आणि तू म्हणतेस पोरं कानड्यांच्या घरी ठेवा? हो, म्हणतेय. मराठी कागदाची मागणी माझीही आहे आणि ती मी सोडणार नाही, जिथं एखाद्या भाषेचे लोक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेलं आहे, ते भीक म्हणून मागायची गोष्ट नाही. पण तो हक्क सरकारकडे मागायचाय. अव्वाकडे नाही. सरकारवरचा राग अव्वाच्या चुलीवर काढून आपण आपल्याच पोरांचं नुकसान करतोय.

आणि ही इमर्शनची कल्पना मुळात आली कुठून ते पण बघा. १९६५ साल, कॅनडात मॉन्ट्रियलजवळचं सेंट लॅम्बर्ट नावाचं उपनगर. क्युबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे जास्त, इंग्रजी बोलणारे कमी, दोघांमध्ये भाषेवरून तणाव, आणि तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या लक्षात आलं की आपली मुलं वर्षानुवर्षं शाळेत फ्रेंच शिकतात आणि शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलू शकत नाहीत. ओळखीचं वाटतंय ना? त्यांनी शाळा बोर्डाच्या मागे लागून बालवर्गापासून सगळं शिक्षण फ्रेंचमधून द्यायचा वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट ह्यांनी त्या मुलांचा पुढे बरीच वर्षं अभ्यास केला. मुलांचं इंग्रजी वाचन सुरुवातीला थोडं मागे पडलं, मग इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर भरून निघालं, आणि फ्रेंच नेहमीच्या पद्धतीनं शिकणाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगलं आलं. पण लॅम्बर्टनी एक फरक सांगितला तो आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. दुसरी भाषा कधी बेरीज करते आणि कधी वजाबाकी. मुलाच्या स्वतःच्या भाषेला घरात आणि बाहेर मान असेल तर नवी भाषा वर मिळवली जाते, आणि स्वतःची भाषा दाबली जात असेल तर नवी भाषा तिच्या जागेवर येऊन बसते. कानडीची सक्ती करणाऱ्यांनी हे वाचायला पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी शाळा नीट चालवा, मराठीत कागद द्या, मग बघा पोरं कानडी कशी उचलतात. आणि आपण पण वाचायला पाहिजे, कारण कानडी शिकल्यानं मराठी जाते ही भीती खरी नाही. मराठी जाते ती आपण पोरांशी घरात इंग्रजी बोलतो म्हणून.

स्पेनला जायचंच तर ह्याच नजरेनं जावं असं मला फार वाटतं. कारण स्पेन म्हणजे एकट्या स्पॅनिशचा देश नाहीच. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, १९३९ ते १९७५, कातालान आणि बास्क भाषांना शाळेतून, कचेरीतून हद्दपार केलं होतं. १९७८ च्या राज्यघटनेनं स्पॅनिश, म्हणजे कास्तेयानो, सगळ्या देशाची अधिकृत भाषा ठेवली आणि बाकीच्या भाषांना त्यांच्या त्यांच्या प्रांतात अधिकृत दर्जा दिला. बास्क भागात एकाच शहराची दोन नावं पाटीवर शेजारी शेजारी, दोनोस्तिया आणि सान सेबास्तियान. गालिसिया प्रांतात 'ला कोरुन्या' ह्या शहराच्या नावातलं सुरुवातीचं 'ला' कास्तेयानो म्हणून पाटीवरचं एल अक्षर रंग मारून पुसतात, आपल्याकडे पाट्यांना काळं फासतात तसंच. बार्सिलोनात शाळा मुख्यतः कातालानमधून चालतात, आणि निदान २५ टक्के शिक्षण स्पॅनिशमधून द्या म्हणून काही पालक कोर्टात गेले, स्पेनचं केंद्र सरकारही गेलं, २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टानं २५ टक्क्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात तो कायम झाला, तरी वाद मिटलेला नाही. बेळगावचं पोरगं हे सगळं जगातल्या कुठल्याही पोरापेक्षा लवकर समजू शकतं, कारण बेळगाव की बेळगावी ह्यावर त्यानं घरात भांडणं ऐकलीत. भाचीच्या ग्रुपला बार्सिलोनात दोन दिवस ठेवलं, आणि पाट्यांवर दिसतेय ती स्पॅनिश नाही, कातालान आहे, हे त्या मुलांना कुणीच सांगितलं नाही. भाचीला ते घरी आल्यावर माझ्याकडून कळलं. मला ह्याचं खरंच वाईट वाटलं.

भाषेच्या अंगानं पण आपली पोरं मागे नाहीत, फक्त त्यांना स्पॅनिश इंग्रजीतून शिकवू नका. इंग्रजीत 'आय लाईक', आणि स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता', म्हणजे मला आवडतं. जशीच्या तशी मराठी रचना. कानडीत 'ननगे इष्ट', तीच. डोकं दुखतंय हे 'मे दुएले ला काबेसा', मला दुखतं डोकं. तू आणि तुम्ही हा फरक इंग्रजीत उरलेला नाही, स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' आहे, आणि गंमत म्हणजे त्यांचा तू आपल्यासारखाच तू. आपल्याकडे नदी बाई आणि डोंगर बाप्या, तसं स्पॅनिशमध्ये पण निर्जीव वस्तूंना लिंग असतं, हे इंग्रजी मीडियमच्या टीचर अर्धा तास समजावतात, मराठी पोराला तीन लिंगं जन्मापासून येतात, इथं तर दोनच आहेत. त आणि द चे उच्चार आपल्यासारखे दातांना जीभ लावून. एन अक्षरावर लाट काढलेलं त्यांचं 'ñ' आहे, त्याचा उच्चार म्हणजे आपला ञ. म्हणजे चांगली मराठी आणि बोलती कानडी घेऊन गेलेलं मूल स्पॅनिशमध्ये दोन पावलं पुढे असतं, आणि आपण नेमक्या ह्या दोन्ही भाषा घरी ठेवून त्याला इंग्रजीच्या कुबड्या घेऊन पाठवतोय.

व्हिसा, दोन्ही पालकांचं संमतीपत्र, ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स, ह्यावर ग्रुपवर शेकड्यानं मेसेज झालेत, ते एजंट करून देतो, त्यात वेळ घालवायला नको. शाळेला विचारायचं ते वेगळं आहे. पंधरातले किती दिवस घरात आणि किती हॉटेलात? एका घरात आपल्याकडची किती मुलं? एकाहून जास्त ठेवली तर ती एकमेकांशीच बोलणार, हे कुठल्याही आईला कळतं. फोन कधी आणि किती वेळ? रोज संध्याकाळी अर्धा तास पुरे, नाहीतर मूल शरीरानं सालामांकात आणि मनानं टिळकवाडीतच राहतं. जायच्या आधी तयारी किती? निदान तीन-चार महिने आठवड्याला तीन तास तरी स्पॅनिश झाली पाहिजे, नुसत्या पंधरा दिवसांत कुणाला भाषा येत नाही, पंधरा दिवसांत येतो तो धीर. आणि सगळ्यात शेवटचं, सहा महिने आधी प्रत्येक मुलानं निदान दोन आठवडे कानडी घरात काढावेत आणि त्या बदल्यात एक कानडी मूल आपल्या घरी यावं, ही अट ट्रिपला घाला.

ही अट घातली की आणखी एक गोष्ट होते. तीन लाख किती जणांकडे आहेत? खानापूर तालुक्यातल्या गावात मराठी शाळेत शिकणाऱ्या पोराला स्पेन दिसणार नाही, पण बैलहोंगल, गोकाक, धारवाड दिसू शकतं, बसच्या तिकिटात. शाळेनं एकदा घरांची यादी केली, शिक्षकांच्या ओळखीतली घरं, पोलीस व्हेरिफिकेशन, मुलगी असेल तर घरात बायकामाणसं असलीच पाहिजेत, मध्ये एकदा शिक्षकांची भेट, तर हे फार अवघड नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये स्पॅनिशचं नाव आहे, ते शाळेनं सर्क्युलरमध्ये ठळक छापलंय. त्याच धोरणात राज्यांनी आपापसात करार करून एकमेकांचे भाषा शिक्षक मोठ्या संख्येनं घ्यावेत असंही आहे. ते कुणी छापत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकानं असा करार केला, सांगली-सोलापूरकडच्या कानडी शाळांना आणि इकडच्या मराठी शाळांना चांगले शिक्षक मिळाले, तर किती पोरांचं भलं होईल.

माझ्या जावेनं विचारलं, कानडी मूल आपल्याकडे येऊन काय शिकणार. मी म्हटलं, गणपतीत येऊ दे. आरतीला उभं राहू दे, मोदकाची पारी फाटू दे त्याच्या हातून, विसर्जनाच्या रात्री पोरांबरोबर चालू दे, कुणीतरी त्याला 'काय करालैस रे' म्हणून हाक मारू दे. पुस्तकातली मराठी त्याला ते 'करालैस' कधीच देणार नाही.

परवा पालकसभेत मी हे सगळं मांडणार आहे, लिहून नेणार आहे, आणि दोन-तीन आयांनी साथ देते म्हणून सांगितलंय. शाळा किती ऐकेल ती ऐको. अव्वा आता नाही, पण बैलहोंगलला फोन केला तर तिच्या सुनेनं पहिला प्रश्न तोच विचारला, ऊट आतेन्री, आणि मग म्हणाली मे महिन्यात पाठवून दे पोरीला, विचारायचं काय त्यात. त्यांचा नातू नववीत आहे, तो गणपतीला पाच दिवस आमच्याकडे येतोय. मुलीला कालपासून मी रोज संध्याकाळी जोंधळ्याच्या पिठाशी बसवतेय.